रक्तात जंतू शिरतात कुठून? मलावीतल्या बाटल्यांनी दिलेलं उत्तर

मलावीतल्या चिचेवा भाषेत ‘मालुंगो’ असा एक शब्द आहे. अंग तापलं, सांधे ठणकायला लागले की मालुंगो. मलेरिया झाला तरी मालुंगोच. लक्षण आणि निदान एकाच शब्दात उरकलेलं. दीड-दोन वर्षांचं तापलेलं मूल पाठीला बांधून आई आरोग्य केंद्रात येते आणि मालुंगो झालाय म्हणून सांगते. मुलाच्या बोटाला सुई टोचून मलेरियाची तपासणी होते, पट्टीवर दोन रेघा उमटतात, आईने सोबत आणलेल्या ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाच्या वहीत नोंद होते, गोळ्या मिळतात आणि मायलेकरं घरी जातात. बहुतेक वेळा यात काहीच चुकलेलं नसतं. पण काही लेकरांच्या रक्तात मलेरियाच्या सोबतीला आणखी कुणीतरी शिरलेलं असतं आणि मलेरियाच्या गोळ्यांचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

हे आणखी कुणीतरी म्हणजे जिवाणू, बॅक्टेरिया. ते रक्तात कुठून येतात, कोणाच्या रक्तात येतात आणि एखाद्या गरीब, उष्ण देशात त्यांची जात वेगळी का असते, हे समजून घ्यायचं तर मलावीइतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्रकिनारा नसलेला हा देश. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. जगातल्या सगळ्यात गरीब देशांच्या यादीत त्याचं नाव नेहमी असतं. पण या देशाच्या दक्षिणेला ब्लँटायर नावाचं शहर आहे आणि तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल या मोठ्या सरकारी रुग्णालयात १९९८ पासून तापाच्या रुग्णांच्या रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, नेमाने केलं जातंय. शेजारच्याच मलावी-लिव्हरपूल-वेलकम संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत हे काम चालतं. १९९८ ते २०१६ या काळात तिथे १ लाख ९४ हजार ५३९ नमुने तपासले गेले. त्यातल्या २९ हजार १८३ नमुन्यांत रोग करणारे जंतू सापडले, म्हणजे शंभरात साधारण पंधरा. आफ्रिकेत इतकी लांबलचक आणि सलग नोंद फार थोड्या ठिकाणी आहे.

काचेखाली न दिसणारा

रक्त एरवी निर्जंतुक असतं. अगदी शब्दशः नव्हे. जोरात दात घासले तरी हिरड्यांतून चार जंतू आत जातात. पण यकृत आणि प्लीहा ही दोन चाळणीची इंद्रियं त्यांना काही मिनिटांत वेचून काढतात. जंतू या चाळणीतून निसटले, टिकले आणि वाढायला लागले की प्रकरण हाताबाहेर जातं. शरीर जंतूंशी लढताना स्वतःच्याच अवयवांना इजा करायला लागलं की त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, माणूस बरळायला लागतो.

आता यातली मेख अशी की मलेरियाचा परोपजीवी रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. जिवाणू दिसत नाहीत, कारण ते संख्येने अगदी थोडे असतात. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात बहुधा एकसुद्धा जिवंत जंतू नसतो. म्हणजे माणूस तापाने फणफणलाय आणि चमचाभर रक्तात जेमतेम दोन-चार जंतू. जो दिसतो त्याच्यावर आळ येतो आणि जो दिसत नाही तो निसटतो. माझ्या मते उष्ण देशांतल्या तापाच्या इतिहासातली निम्मी गफलत या एका गोष्टीतून झाली आहे.

म्हणून कल्चर. पोषक द्रव भरलेल्या बाटलीत रक्त सोडायचं, प्रौढाचं आठ-दहा मिलिलिटर, तान्ह्या मुलाचं एक-दोन, आणि बाटली शरीराच्या तापमानाला ठेवायची. जंतू असले तर ते वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या बुडाशी असलेली निळसर-हिरवी चकती पिवळी पडते. मशीन आवाज देतं. मग त्यातला थेंब मॅकॉन्की अगार नावाच्या गुलाबीसर ताटलीवर ओढायचा आणि रात्रभर थांबायचं. सकाळी ताटली उघडली की पहिली विभागणी नुसत्या डोळ्यांनी होते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे आतड्यात सापडणारे जिवाणू गडद गुलाबी उगवतात. त्यातही क्लेबसिएलाचे ठिपके फुगीर आणि शेंबडासारखे चिकट, सळईने उचलले तर तार सुटते. साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडचा जंतू आणि त्याचे भाईबंद, फिका, जवळजवळ रंगहीन. त्या फिक्या ठिपक्यातला कण काचपट्टीवर घेऊन सीरमच्या थेंबात मिसळायचा आणि पट्टी हलकेच डुलवायची. दूध फाटल्यासारखे कण दिसले की कोणता साल्मोनेला ते कळतं.

हे सगळं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी इथल्या ग्रामीण रुग्णालयात १९९८ ते २००२ या काळात रक्तात जिवाणू सापडलेल्या मुलांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला गेला. त्यातले एक तृतीयांश मृत्यू दाखल झाल्याच दिवशी झाले होते आणि सत्तर टक्के दोन दिवसांच्या आत. म्हणजे रिपोर्ट बहुतेक वेळा मूल गेल्यावर यायचा. मग कल्चर करायचंच कशाला? त्या एका मुलासाठी त्याचा उपयोग झाला नाही, तरी पुढच्या शंभर मुलांना रिपोर्टची वाट न पाहता कोणतं औषध सुरू करायचं, हे त्या बाटलीवरूनच ठरतं.

जुलाबाचा जंतू रक्तात कसा?

१९९८ नंतरची दहा-बारा वर्षं ब्लँटायरच्या बाटल्यांत सगळ्यात जास्त कोण सापडत होतं, हे ऐकून बाहेरच्या डॉक्टरांना नवल वाटायचं. टायफॉइड न करणारा साल्मोनेला, मुख्यतः ‘टायफिम्युरियम’ आणि ‘एंटरायटिडिस’ या दोन जाती. श्रीमंत देशांत हे जंतू म्हणजे शिळं चिकन किंवा कच्चं अंडं खाल्ल्यावरचे चार दिवसांचे जुलाब. पोट बिघडतं, माणूस अंथरूण धरतो आणि आठवडाभरात उठून कामाला लागतो. मलावीत हाच जंतू मुलांच्या रक्तात सापडत होता. पुष्कळदा जुलाब नाहीतच. नुसता ताप, वाढलेली प्लीहा, पांढरंफटक पडलेलं मूल. लक्षणं हुबेहूब मलेरियाची. दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावायचा.

याची दोन उत्तरं आहेत. एक जंतूबद्दल, दुसरं माणसाबद्दल.

आधी जंतू. २००४ मध्ये ब्लँटायरमध्ये २६ महिन्यांच्या एका मुलाच्या रक्तातून निघालेला टायफिम्युरियमचा नमुना डी२३५८० या क्रमांकाने जगभरातल्या प्रयोगशाळांत पोचला. त्या मुलाला मलेरिया होता, रक्तक्षय होता, एचआयव्ही नव्हता. २००९ मध्ये या जंतूचा सगळा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की आतड्यात राहण्यासाठी लागणारी त्याची बरीच जनुकं मोडीत निघाली आहेत. टायफॉइडच्या जंतूतही नेमकं हेच झालेलं असतं. घरातलं सामान विकून कायमचं दुसऱ्या गावी बिऱ्हाड करावं, तसा हा प्रकार. एसटी३१३ नावाचा हा वंश आतडं सोडून रक्ताकडे वळलेला दिसतो. त्याची क्लोरअ‍ॅम्फेनिकॉलला दाद न देणारी शाखा या शतकाच्या सुरुवातीला मलावीत पसरली. क्लोरअ‍ॅम्फेनिकॉल म्हणजे तेव्हाचं तिथलं स्वस्त आणि हक्काचं औषध.

पण एवढ्याने भागत नाही. जंतू कितीही हुशार असला तरी धडधाकट माणसाच्या रक्तात त्याला फार काळ थारा मिळत नाही. दार आतून उघडं लागतं. मलावीत ते मलेरिया उघडतो.

मलेरियाचा परोपजीवी तांबड्या पेशी फोडतो. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं आणि त्यातून लोह असलेला हीम नावाचा पदार्थ मोकळा होतो. हीम विषारी असतं, म्हणून शरीर ते मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) तातडीने वाढवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की या धांदलीत अस्थिमज्जेतून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या पेशी अर्धवट तयारीच्या असतात. त्या जंतूला गिळतात, पण जाळून मारू शकत नाहीत. साल्मोनेला तर मुळातच पेशीच्या आत लपून राहणारा. त्याला आयताच आसरा मिळतो. शिवाय मलेरियाने बुजलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, प्लीहेची चाळणी फुटक्या पेशींच्या कचऱ्याने तुंबते आणि मोकळं झालेलं लोह जंतूंना खाद्य म्हणून मिळतं. एका आजाराने इतके पहारेकरी एकाच वेळी निकामी केलेले सहसा दिसत नाहीत.

मलेरिया आणि हे जंतू दोन्ही गरीब, आजारी मुलांतच आढळणार, मग एक दुसऱ्याला कारण कशावरून, असं कुणी विचारलं तर ती शंका रास्त आहे. तिचं उत्तर किलिफीच्या संशोधकांनी फार सुंदर पद्धतीने दिलं. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक मिळालेली मुलं आजारी नसतात, उलट त्यांना मलेरियापासून जन्मजात संरक्षण असतं. जनुक वाटताना निसर्ग घरची गरिबी पाहत नाही. म्हणजे ही आपोआप घडलेली चिठ्ठ्यांची सोडतच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांच्या रक्तात जिवाणू सापडण्याची शक्यता इतरांच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश निघाली. त्याहून पटण्यासारखा पुरावा पुढे आहे. १९९९ ते २००७ दरम्यान त्या भागातला मलेरिया झपाट्याने उतरला आणि तसतसा सिकल सेलच्या जनुकाचा हा फायदाही विरत गेला. जनुकात जिवाणूंशी लढण्याची वेगळी ताकद असती तर ती मलेरिया गेल्यावरही टिकली असती. १९९९ सालच्या परिस्थितीत, रक्तात जिवाणू असलेल्या मुलांपैकी ६२ टक्क्यांचं मूळ मलेरियात होतं, असा त्यांचा हिशेब आहे.

मलेरियाला जोड कुपोषणाची. मलावीत पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. रोजच्या जेवणातला न्सिमा मक्याच्या पिठाचा. मक्याचं नवं पीक एप्रिलच्या सुमारास हाती येतं आणि जुना साठा बऱ्याच घरांत जानेवारी-फेब्रुवारीतच संपलेला असतो. म्हणजे डासांचा मोसम, उपासमारीचे महिने आणि मैल्याचं पाणी वाहून आणणारा पाऊस एकाच वेळी. साल्मोनेलाच्या बाटल्याही याच महिन्यांत जास्त पिवळ्या व्हायच्या.

वयाचंही गणित आहे. पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) बाळाला सांभाळतात. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास मूल स्वतःची तयार करतं. मधल्या वर्ष-सव्वा वर्षात हाती काहीच नसतं आणि बहुतेक मुलं त्याच खिंडीत गाठली जातात.

प्रौढांची गोष्ट वेगळी

मोठ्या माणसांत दार उघडणारा एचआयव्ही होता. संशोधक मेलिटा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्लँटायरमधल्या प्रौढांबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. साल्मोनेला रक्तात सापडलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना एचआयव्ही होता. निम्म्याच्या आसपास माणसं रुग्णालयातच गेली. जी बरी होऊन घरी गेली, त्यांतल्या अनेकांना तोच ताप काही महिन्यांत पुन्हा आला. वर्ष सरेपर्यंत चारातली तीन माणसं राहिली नव्हती.

एचआयव्हीने प्रतिकारशक्ती कमी होते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. इथे मात्र उलटीच गंमत सापडली, गंमत म्हणवत नसली तरी. या रुग्णांच्या रक्तात साल्मोनेलाविरुद्धची काही प्रतिद्रव्यं फाजील होती आणि ती जंतूच्या अंगावर चुकीच्या जागी चिकटत होती. दारात बघ्यांची एवढी झुंबड, की खऱ्या शिपायाला आत शिरायला वाट नाही. हे २०१० मध्ये उजेडात आलं. तोवर एचआयव्हीची औषधं मलावीत मोफत मिळायला लागून सहा वर्षं झाली होती. ती जसजशी पसरली, तसा प्रौढांतला साल्मोनेला ओसरत गेला. कुणी साल्मोनेलावर मोहीम काढली नव्हती. मुलांतही मलेरिया, कुपोषण आणि एचआयव्ही उतरत गेले तसा हा जंतू उतरला.

प्रौढांच्या बाबतीत आणखी एक दडलेला गुन्हेगार आहे, क्षयाचा जंतू. तो फुप्फुसात असतो असं आपण धरून चालतो, पण एचआयव्ही बळावलेल्या माणसात तो रक्तातूनही फिरतो. नेहमीच्या कल्चरच्या बाटलीत पाच दिवसांत तो उगवत नाही, त्याला आठवडे लागतात. ब्लँटायरमध्ये सेप्सिस घेऊन आलेल्या सव्वादोनशे प्रौढांचा नंतर बारकाईने शोध घेतला, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांच्या आजाराचं मूळ क्षयात निघालं. नेहमीच्या बाटल्यांच्या हिशेबात ही माणसं ‘निगेटिव्ह’ ठरली असती.

टायफॉइड आला तो पाण्यातून

१९९८ ते २०१० या काळात ब्लँटायरच्या प्रयोगशाळेत टायफॉइडचे वर्षाला सरासरी १४ रुग्ण सापडायचे. २०११ मध्ये ६७ सापडले. २०१४ मध्ये ७८२. आधी शंभरातले सहा-सात जंतू जुन्या तीन औषधांना न जुमानणारे होते, २०१४ मध्ये शंभरातले सत्त्याण्णव.

एच५८ नावाचा हा टायफॉइडचा वंश दक्षिण आशियातून निघून पूर्व आफ्रिकेत पोचलेला. क्लोरअ‍ॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तीन स्वस्त औषधांविरुद्धची शस्त्रं तो सोबत घेऊनच आला होता. ज्या देशात याच औषधांवर भागवलं जात होतं, तिथे त्याला मैदान मोकळं मिळालं.

मगाचच्या, टायफॉइड न करणाऱ्या साल्मोनेलाशी याचा स्वभाव अजिबात जुळत नाही. टायफॉइड फक्त माणसातून माणसात जातो. एकाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. त्याला मलेरिया किंवा एचआयव्हीने दार उघडून द्यावं लागत नाही, तो धडधाकट शाळकरी मुलांनाही धरतो. दगावण्याचं प्रमाण त्या साल्मोनेलाच्या मानाने पुष्कळ कमी, पण रुग्ण ढिगाने. ब्लँटायर डोंगराळ शहर आहे. उतारावर दाटीने घरं, खड्ड्यांचे संडास आणि खाली ओढे-नाले. आजारी आणि निरोगी मुलांच्या घरांची तुलना केली, तेव्हा पिण्याचं पाणी नळाचं असलं तरी भांडी आणि स्वयंपाकासाठी नदीचं पाणी वापरणं धोक्याचं निघालं. ही बाब अगदी घरगुती आहे आणि म्हणूनच नजरेतून सुटते. पाणी शुद्ध आहे का, असं विचारलं की घरची बाई हो म्हणणार आणि खरंच सांगणार. ताटली कोणत्या पाण्यात विसळली, हे कुणी विचारत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्दिरांडे आणि झिंग्वांग्वा या ब्लँटायरच्या दोन उपनगरांत नऊ महिने ते बारा वर्षं वयाच्या सुमारे २८ हजार मुलांवर टायफॉइडच्या नव्या लशीची चाचणी सुरू झाली. लस हैदराबादच्या भारत बायोटेकची. तिने सुमारे ८१ टक्के संरक्षण दिलं आणि चार वर्षांनंतरही ते फारसं घटलं नव्हतं. मे २०२३ मध्ये ही लस देशभरातल्या १५ वर्षांखालच्या मुलांना द्यायला सुरुवात झाली. रक्तात शिरणाऱ्या इतर साल्मोनेलांवर मात्र बाजारात एकही लस नाही.

लशींचा विषय निघालाच आहे तर दोन जुने जंतूही उरकून घेऊ. हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, लहान मुलांत मेंदूज्वर आणि रक्तातला संसर्ग करायचा. २००२ मध्ये त्याची लस मलावीच्या नेहमीच्या लसीकरणात आली आणि तो बाटल्यांतून जवळपास नाहीसा झाला. न्युमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू फुप्फुसातून रक्तात उतरतो. एचआयव्ही आणि सिकल सेल असलेल्यांना तो विशेष धरतो. त्याची लस नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाली. तो पुष्कळ कमी झाला आहे, पण हटलेला नाही.

आणि एक बाजूला ठेवायची गोष्ट. बाटली पिवळी झाली म्हणजे रक्तात जंतू होतेच असं नाही. सुई टोचण्याआधी कातडी नीट पुसली नसेल तर कातडीवरचेच निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस बाटलीत जातात आणि मजेत वाढतात. रडणारं, हातपाय झाडणारं मूल, शीर सापडत नाही, मागे रांग. अशा वेळी हे व्हायचंच. म्हणून वर सांगितलेल्या पंधरा टक्क्यांत त्यांना धरत नाहीत. याच नात्यातला ‘स्टॅफ ऑरियस’ मात्र खरा धोकेबाज. गळू, चिघळलेली जखम, हाडाचा पू, इथून तो रक्तात जातो.

बाटलीपर्यंत न पोचणारे

ब्लँटायरच्या आकड्यांवर विसंबताना थोडं सावध राहायला हवं. हे एका शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं चित्र आहे. मलावीतली बहुतेक माणसं खेड्यात राहतात आणि तिथल्या आरोग्य केंद्रात कल्चरची सोय नसते. जो तिथून शहरापर्यंत येतो त्याला वाटेत अँटिबायोटिकचं एखादं इंजेक्शन मिळालेलं असतं, मग जंतू अर्धमेले होऊन बाटलीत वाढत नाहीत. रक्त कमी भरलं तरी तेच. आधीच मिलिलिटरमागे एक जंतू, त्यात अर्धाच मिलिलिटर घेतला तर सापडणार काय? टायफॉइड असलेल्या दहाजणांपैकी जेमतेम सहाजणांचं कल्चर पॉझिटिव्ह येतं, तेही सगळं नीट केलं तर. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ ‘सापडला नाही’ एवढाच घ्यायचा.

रुग्णालयातच मिळणारा

आतापर्यंतचे सगळे जंतू बाहेरून ताप घेऊन आलेल्यांचे. आता अशा वॉर्डात जाऊ, जिथे रुग्ण बाहेरून आलेलेच नसतात, तिथेच जन्मलेले असतात.

नवजात बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा आईच्या जननमार्गातून आलेला असतो. गट बी स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय. त्यानंतर झाला तर भोवतालाकडे बघावं लागतं. वेळेआधी जन्मलेलं दीड किलोचं बाळ, कागदासारखी कातडी, नाकात नळी, शिरेत सुई. गरीब देशांतल्या अशा कक्षांत जागा अपुरी, नर्स अपुऱ्या, एका कॉटवर एकाहून जास्त बाळं. क्लेबसिएलाला ओल आवडते. बेसिनची जाळी, घशातला स्राव ओढायची नळी, हात धुवायला ठेवलेल्या साबणाखालचं पाणी. तिथून तो हातांवर आणि हातांवरून बाळावर. मलावी एकटा नाही. बांगलादेश, इथिओपिया, भारत, नायजेरिया, पाकिस्तान, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतल्या नवजातांच्या बार्नार्ड्स अभ्यासातही पहिला क्रमांक क्लेबसिएलाचाच होता.

या जंतूचं औषधांशी असलेलं नातं बघण्यासारखं आहे. क्लोरअ‍ॅम्फेनिकॉल चालेनासं झाल्यावर मलावीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा वापर वाढला. दिवसातून एकदा द्यायचं, साल्मोनेलापासून न्युमोकोकसपर्यंत सगळ्यांना लागू पडणारं इंजेक्शन. ताप आहे, मलेरिया नाही, कल्चरला वेळ आहे, मग द्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. त्या घडीला डॉक्टरचं काही चुकत नव्हतं. पण त्या औषधाला कात्रीसारखं कापणारं विकर, ईएसबीएल, काही जंतूंकडे आधीपासून होतं आणि आता तेच जंतू मागे उरत गेले. ब्लँटायरमध्ये २००३ साली रक्तात सापडलेल्या क्लेबसिएलांपैकी ११.८ टक्क्यांकडे हे विकर होतं. २०१६ मध्ये ९०.५ टक्क्यांकडे. ई. कोलायमध्ये हाच आकडा ०.७ वरून ३०.३ वर गेला. जुन्या जंतूंवर लस, मच्छरदाण्या आणि एचआयव्हीच्या औषधांनी जे कमावलं, त्यातला काही भाग असा हातातून गेला.

अशा क्लेबसिएलाची औषधचाचणीची ताटली एकदा तरी बघावी. जंतूंचा दाट, चकचकीत थर पसरलेला असतो आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं रिंगण राहतं. इथे अ‍ॅम्पिसिलिनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले. जेंटामायसिनला तसेच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही. मेरोपेनेमच्या चकतीभोवती मात्र बहुतेक वेळा अजून स्वच्छ, रुंद रिंगण दिसतं. ते औषध वॉर्डच्या कपाटात आहे का, हे ताटलीवरून कळत नाही.